बांधाचे भांडण शाळेच्या बाकापर्यंत

बियाण्याची उगवण कशी तपासावी हे दाखवायला मी मागे एका गावच्या शाळेत गेलो होतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडायचे, गुंडाळी करायची आणि पुढे कोंब मोजायचे, हे काम मुले आपल्यापेक्षा नेटके करतात असा माझा अनुभव आहे. दोघादोघांच्या जोड्या लावल्या, तर चौथीतला एक मुलगा उठून म्हणाला, "साहेब, मी ह्याच्यासंगं नाही बसणार. आमची केस चालू हाय."

दोघे चुलतभाऊ. एका आजोबांची नातवंडे. वाटणीनंतर बांध कोरण्यावरून दोन घरांत बोलणे बंद झाले, मग एका पेरणीला काठ्या निघाल्या, एकाच्या बापाचे डोके फुटले आणि तेव्हापासून तालुक्याच्या कोर्टात तारखा. गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाकं मीच लांब केलीत. नाहीतर रोज मधल्या सुटीत मारामारी." त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. चार वर्ग आणि दोन शिक्षक, ते तरी कुठे कुठे पुरणार?

बांधाची भांडणे मी नोकरीत पुष्कळ पाहिली. सरकारी मोजणी आणावी, खुणा कायम कराव्यात, इतके मला सांगता येते. पोरांचे काय करावे, हे मात्र मला कृषी महाविद्यालयात कोणी शिकवले नव्हते. म्हणून मिळेल ते वाचू लागलो आणि कोलंबियातल्या खेड्यांच्या शाळांची माहिती हाती लागली. जिथे भांडण काठीवर न थांबता बंदुकीपर्यंत गेले, तिथल्या गुरुजींनी काय केले, हे मला पाहायचे होते.

कोलंबिया हा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचा देश. डोंगरउतारावर कॉफीचे मळे आणि ती पिकवणारी पाच लाखांहून अधिक कुटुंबे. बहुतेकांची जमीन आपल्यासारखीच थोडी. १९४८ साली तिथल्या गायतान नावाच्या लोकप्रिय पुढाऱ्याचा खून झाला आणि दोन पक्षांची माणसे खेड्यापाड्यांत एकमेकांना मारू लागली. १९६४ साली शेतकऱ्यांतूनच 'फार्क' ही बंडखोर फौज उभी राहिली. तिच्याविरुद्ध खासगी टोळ्या, लष्कर, त्यात कोकेनचा पैसा. तिथल्या सत्यशोधन आयोगाने २०२२ साली सांगितले की १९८५ ते २०१८ या काळात किमान साडेचार लाख माणसे मारली गेली. ऐंशी लाखांहून अधिक लोकांना घरदार सोडावे लागले. आणि एक आकडा आईबापांनी मनात धरावा असा आहे. १९९६ ते २०१६ या वीस वर्षांत फार्कने १८,६७७ अल्पवयीन मुले आपल्या फौजेत ओढली, असे तिथल्या विशेष न्यायालयाने २०२१ साली जाहीर केले.

अशा देशात १९७० च्या दशकाच्या मध्याला विकी कोल्बर्ट या बाई, ऑस्कर मोगोयोन हे खेड्यातले शिक्षक आणि बेरिल लेव्हिंगर या अमेरिकन बाई यांनी मिळून 'एस्कुएला नुएव्हा' म्हणजे 'नवी शाळा' ही पद्धत बसवली. गंमत अशी, की शांतता शिकवावी म्हणून ती निघालीच नव्हती. एका शिक्षकाला पाच इयत्ता सांभाळायच्या आहेत, ही अडचण होती. म्हणजे आपल्या वाडीवस्तीवरच्या शाळांचीच अडचण.

शिक्षक सगळीकडे पुरत नाही, तेव्हा त्यांनी बरेच काम मुलांवर सोपवले. बाकांच्या रांगा मोडून मुले टेबलाभोवती चार-पाच जणांनी तोंडाला तोंड करून बसू लागली. धडे असे लिहिले की मुलांनी आपसांत बोलून, एकमेकांना विचारून पुढे जावे. मुले मतदान करून आपले पदाधिकारी निवडतात. बागेची समिती, ग्रंथालयाची समिती, स्वच्छतेची समिती, सगळे कारभारी तेच. तक्रार असली तर सूचनापेटीत चिठ्ठी टाकायची आणि त्यावर सर्वांनी मिळून बोलायचे. मित्राला कौतुकाची चिठ्ठी लिहायलाही वेगळी पेटी असते! कॉफीच्या तोडणीला मूल आईबापांबरोबर गेले तर ते नापास होत नाही. परत आले की सोडला होता तिथून धडा धरते. ही सोय मला फार पटली. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या मुलांची आठवण झाली.

पण माझे मन खरे रमले ते दोन गोष्टींत. एक शेतीचे वेळापत्रक. कोणत्या महिन्यात कोणते पीक, पेरणी कधी, तोडणी कधी, हे मुले घरी विचारून आणतात आणि भिंतीवरच्या तक्त्यात भरतात. दुसरा गावाचा नकाशा. प्रत्येक मुलाचे घर, पायवाट, ओढा, मळा सगळ्यांनी मिळून काढायचे. विचार करा, आमच्या त्या दोन चुलतभावांना एकाच कागदावर आपापले शेत काढायला बसवले, तर मधली बांधाची रेघ कोणी ओढायची? तिथे बोलणे आलेच.

अशा शाळांतली मुले आपसांत अधिक सलोख्याने वागतात, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. काल्दास प्रांतात कॉफी उत्पादक शेतकऱ्यांच्या समितीने या शाळांना अनेक वर्षे पैसा पुरवला, हेही मुद्दाम सांगतो. कॉफीच्या पैशातून शाळा चालवावी असे शेतकऱ्यांच्या संघटनेला वाटले, हे काही लहान नव्हे.

पुढे २०१४ साली सरकारने कायदाच केला, की प्रत्येक शाळेत शांततेचा विषय असावा. कायद्याने तास मिळतो. पण मला विचाराल तर आठवड्याच्या एका तासापेक्षा त्या टेबलावर आणि सूचनापेटीवर माझा भरवसा जास्त. २०१६ साली सरकार आणि फार्क यांच्यात करार झाला, त्यातले पहिलेच प्रकरण जमीन आणि खेड्यांच्या सुधारणेचे आहे. तरी दुसऱ्या टोळ्या राहिल्याच, आणि त्या करारानंतरही मुले पळवून नेत राहिल्या. नव्या शाळेने युद्ध थांबवले, असे मी तुम्हाला सांगणार नाही.

आमच्या गुरुजींना मी हे सारे सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "नकाशा नको, साहेब. दोन्ही बाप शाळेत येतील." मग आम्ही पर्जन्यमापक बसवला आणि शेजारी पिकांचा तक्ता टांगला. सकाळी एकाने पाणी मोजायचे, दुसऱ्याने तक्त्यात लिहायचे, आणि ही पाळी नेमकी त्या दोघांवर दिली. पहिल्याच पावसाला वाजले. एक म्हणे बारा मिलिमीटर, दुसरा म्हणे, "तू खोटं सांगतोस, मी चौदा लिहिणार." गुरुजी उठले नाहीत. खुर्चीवरूनच म्हणाले, "पाणी अजून सांडलं नाही ना? दोघं मिळून बघा." दोघे मापावर डोकी लावून वाकले. बाराच होते.

आता ते दोघे पावसाविषयी बोलतात. बाकीचे बोलणे अजून बंद आहे. परवा गेलो तेव्हा दुसऱ्याने मला विचारले, "साहेब, गारा पडल्या तर कशा मोजायच्या?" वितळल्यावर मोज म्हटले. केसची पुढची तारीख दिवाळीनंतर लागली आहे.