बघेऱ्याच्या शेजाऱ्यांचं तिकीट

जगतपुरा, जयपूर

जयपूरला येणारा मराठी पाहुणा आमेरचा किल्ला, हवामहल, जंतरमंतर पाहतो, बापू बाजारात मोजड्या घेतो आणि वाघासाठी रणथंबोरला निघून जातो. ज्या शहरात त्याने मुक्काम केला, त्याच शहराच्या कुशीत बिबटे राहतात, हे त्याला सांगणारं बहुधा कोणी भेटत नाही. आमच्या जगतपुऱ्याच्या उत्तरेला अरवलीची एक बुटकी रांग दिसते. तिच्या पायथ्याशी खोनागोरियानची दाट वस्ती, एका अंगाला मालवीय नगरच्या कॉलन्या आणि मधे झालानाचं जंगल. क्षेत्रफळ जेमतेम वीस-बावीस चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानाच्या पाचव्या हिश्शाएवढं. एवढ्याशा जागेत चाळीसच्या आसपास बिबटे मोजले गेले आहेत. इथली माणसं त्याला बघेरा म्हणतात.

संस्थानी काळात हे जयपूरच्या राजघराण्याचं शिकारीचं रान होतं. ‘शिकार औदी’ ही दगडी इमारत अजून आत उभी आहे. पुढे शहर चहूबाजूंनी वाढलं, टेकड्या बोडक्या झाल्या, विलायती बाभळीने जमीन व्यापली. वनखात्याने ती बाभूळ काढून धोकसारखी देशी झाडं आणि गवत वाढू दिलं, पाणवठे बांधले. मागच्या दशकाच्या उत्तरार्धात इथे सफारी सुरू झाली आणि २०२२ मध्ये आग्रा महामार्गापलीकडचं आमागढही उघडलं. वाघ नसल्यामुळे इथे बघेरा निर्धास्त असतो. खायला मोर, वानर, नीलगाईची पिल्लं मिळतात आणि शहराच्या कडेची भटकी कुत्रीही. दिवसा उघड्या खडकावर बसलेला बिबट्या इथे दिसतो, तो याच कारणांनी. जुन्नरच्या उसात बिबट्याची फक्त चाहूल लागते. इथे तो पूर्ण दिसतो, आणि गाइड त्याला फ्लोरा, राणा अशा नावाने ओळखतो.

आमच्या कॉलनीत सध्या खल चालला आहे तो या सफारीच्या खर्चाचा. सगळ्यांना जायचं आहे, पण हिशेब मांडला की निम्मे लोक गप्प होतात. तिकिटाचे तीन भाग असतात: प्रवेश शुल्क, गाइड आणि जिप्सीचं भाडं. परदेशी पाहुण्याला प्रवेश महाग आणि भारतीयाला स्वस्त आहे खरा. पण खर्चाचा मोठा वाटा गाडीचा, आणि गाडी सर्वांना सारखीच पडते. त्यामुळे प्रवेशातली सवलत शेवटच्या बेरजेत फारशी जाणवत नाही. दिल्लीहून मोटार घेऊन आलेल्या कुटुंबाला हा आकडा किरकोळ वाटतो. टेकडीखाली भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, संध्याकाळी शेळ्या आत घेऊन दार लावणाऱ्या घराला तो झेपत नाही.

हाच प्रश्न पूर्व आफ्रिकेत गोरिलांच्या बाबतीत फार आधी उभा राहिला. डोंगरी गोरिला जगात हजाराहून थोडे जास्त, आणि तेही फक्त युगांडा, रवांडा आणि काँगोच्या डोंगरांत. एका गोरिला कुटुंबाकडे दिवसाला जास्तीत जास्त आठ पाहुणे आणि भेट एका तासाची. माणसाची सर्दीसुद्धा त्यांच्या जिवावर बेतू शकते, म्हणून अंतर राखायचं आणि पंधरा वर्षांखालच्यांना मनाई. जागा इतक्या थोड्या म्हटल्यावर भाव चढणारच. रवांडाने २०१७ मध्ये परवान्याचा दर एकदम दुप्पट करून १,५०० डॉलर केला. युगांडात परदेशी पाहुण्याला २०२४ पासून ८०० डॉलर मोजावे लागतात. पण युगांडाच्याच काय, शेजारच्या केनिया-टांझानियाच्या नागरिकालाही तोच परवाना तीन लाख शिलिंगला, म्हणजे साधारण ८० डॉलरला मिळतो. तिथे राहणाऱ्या परदेशी रहिवाशांसाठी मधला दर आहे. प्रवेश शुल्काचा पाचवा हिस्सा उद्यानालगतच्या गावांकडे जातो, आणि प्रत्येक परवान्यामागे दहा डॉलर वेगळे. ८० डॉलरही तिथल्या शेतकऱ्याला परवडत नाहीत, हे खरं. युगांडातलं ब्विंडीचं जंगल १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा तिथून हुसकावलेल्या बात्वा लोकांची भरपाई तर कोणत्याच दरपत्रकात बसत नाही. तरी जंगलाशेजारी राहणाऱ्याचा दर वेगळा असला पाहिजे, हे तिथे निदान तत्त्व म्हणून मान्य झालं आहे. मला ते फार मोलाचं वाटतं.

राजस्थानला ही कल्पना परकी नाही. जागतिक वारसा दिन, संग्रहालय दिन, पर्यटन दिन अशा ठरावीक दिवशी आमेर, हवामहल, जंतरमंतरचा प्रवेश सर्वांना मोफत असतो. त्या दिवशी आमेरच्या चढावर जयपूरचीच माणसं पोराबाळांसह लोटतात. जंगलात एवढी गर्दी सोडता येणार नाही, तिथे मोजक्याच गाड्या जाऊ शकतात. पण त्या मोजक्या गाड्यांपैकी आठवड्यातली एक ठरलेली फेरी खोनागोरियान, जगतपुरा, मालवीय नगरच्या सरकारी शाळांसाठी राखून ठेवता येईल. तिचा खर्च परदेशी पाहुण्यांच्या शुल्कातून भागवावा. रात्री बघेरा उतरतो तो याच मुलांच्या गल्लीत. त्याची भीती त्यांच्या वाट्याला आणि दर्शन पाहुण्यांच्या, ही वाटणी मला मान्य नाही.

ते होईपर्यंत आमचा बेत आम्हीच स्वस्त करतो आहोत. जिप्सीत सहा जण बसतात, म्हणून सहाही जागा ओळखीच्या घरांतून भरायच्या. मोकळी राहिलेली जागा बाकीच्यांच्या खिशाला बसते. शनिवार-रविवार आणि दिवाळी-नाताळची सुट्टी टाळून मधल्या वारी ऑनलाइन नोंदणी करायची. डिसेंबरच्या पहाटे उघड्या गाडीत लहान मुलं कुडकुडतात. एप्रिल-मेची दुपार तापलेली असते, पण पानं झडलेली असतात आणि जनावर पाणवठ्यावर येतं. म्हणून आम्ही उन्हाळ्यातली संध्याकाळची फेरी धरली आहे. प्रत्येकाने ओळखपत्र, पाण्याची बाटली आणि मातकट रंगाचे कपडे घ्यायचे. आम्ही इथलेच, त्यामुळे हॉटेल-टॅक्सीचा खर्च नाही. दुचाकीवरून प्रवेशद्वाराशी पोचता येतं.

कॉलनीतल्या ज्या घरांना पूर्ण पैसे देणं जमतं, त्यांनी थोडी जास्त वर्गणी द्यायची असं ठरलं आहे. त्यातून प्रत्येक गाडीतल्या दोन जागा रखवालदार आणि कामवाल्या मावशींच्या मुलांना मिळतील. यावर वाद झाला. दया म्हणून कशाला, असं एका काकांचं म्हणणं होतं. माझं उत्तर युगांडाच्या दरपत्रकातूनच आलं: ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त भरायचं, आणि शेजाऱ्याने आपल्या ऐपतीप्रमाणे. म्हणून मुलांच्या घरांकडूनही थोडे पैसे घ्यायचे ठरलं, आणि ते त्यांनी आपणहून आणून दिले. पुढच्या महिन्याच्या तारखा उघडल्या की नोंदणी करायची आहे. बिबट्या न दिसताच फेरी संपण्याची शक्यताही मुलांना आधीच सांगून ठेवली आहे.