विश्लेषण : जुना रंग खरवडताना शिशापासून सावध का राहायचे?

दिवाळीपूर्वी अनेक घरांत रंगकाम निघते. कमी वासाचा, पर्यावरणपूरक रंग आवर्जून निवडला जातो. मात्र खरवडल्या जाणाऱ्या जुन्या थरांत शिसे असेल, तर त्याची धूळ घरभर पसरते आणि सर्वाधिक धोका लहान मुलांना होतो.

रंगात शिसे कशासाठी?
पिवळ्या, केशरी, लाल छटा गडद व टिकाऊ व्हाव्यात, ऑइल पेंट लवकर वाळावा आणि लोखंड गंजू नये म्हणून शिशाची संयुगे वापरली जात. त्यामुळे जुनी दारे, खिडक्या, ग्रिल, कठडे आणि ऑइल पेंट दिलेल्या भिंतींबाबत विशेष काळजी हवी.

कायदा काय सांगतो?
केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे ०.००९ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधी दिलेले थर मात्र घराघरांत तसेच आहेत.

मुलांना धोका अधिक का?
जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पोटात गेलेले शिसे मुलांच्या शरीरात प्रौढांच्या चार ते पाच पट शोषले जाते. रांगणारे मूल जमिनीवरची धूळ हाताने तोंडात नेते. शिशामुळे मेंदूची वाढ, एकाग्रता आणि शिकण्याची क्षमता यांवर परिणाम होतो. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. ते हाडांत साठते आणि गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरू शकते.

काम करताना काय करावे?
- जुना रंग घट्ट असेल, पोपडे निघत नसतील तर खरवडू नका. त्यावरच नवा हात द्या.
- घासावेच लागले तर पृष्ठभाग ओला करून घासा. कोरडा पॉलिश पेपर, ग्राइंडर आणि ब्लोलॅम्प टाळा.
- खोली रिकामी करा, जमिनीवर प्लास्टिक अंथरा. मुले व गरोदर महिलांना काम संपेपर्यंत दूर ठेवा.
- रंगाऱ्यालाही एन-९५ मास्क द्या. सर्वाधिक धूळ त्याच्याच नाकातोंडात जाते. साधा रुमाल पुरत नाही.
- झाडू मारू नका. ओल्या फडक्याने पुसा.
- पोपडे कुंडीत, अंगणात टाकू नका, जाळू नका. पिशवीत बंद करून घरगुती घातक कचरा म्हणून वेगळे द्या.

नवा रंग घेताना काय पाहावे?
'लो-व्हीओसी' म्हणजे हवेत उडणारी रसायने कमी. त्याचा शिशाशी संबंध नाही. त्यामुळे डब्यावर शिसे ९० पीपीएमच्या आत असल्याचा उल्लेखही तपासा. डब्यावर 'औद्योगिक वापरासाठी' असे लिहिलेला रंग घरात लावू नका. ९० पीपीएमची मर्यादा घरगुती व सजावटीच्या रंगांपुरतीच आहे.