पाठीवर छापलेली बेटं

लढाईची आठवण सांगणारे टी-शर्ट अमेरिकेत पुष्कळ मिळतात: विमानांचे, पाणबुड्यांचे, छत्रीधारी सैनिकांचे. त्यांत एक जरा अजब आहे. गडद निळं कापड, पिवळी छपाई, छातीवर डाव्या बाजूला छोटी मधमाशी आणि पाठीवर तीच मधमाशी वीतभर मोठी. डोक्यावर खलाशाची पांढरी टोपी, हातात टॉमी गन. पण माशीला हात जास्त असल्यामुळे उरलेल्यांत पाना आणि हातोडी. खाली बटालियनचा नंबर आणि कधी कधी त्याखाली ठिकाणांची यादी. ग्वाडलकॅनाल, टिनियन, ओकिनावा, चू लाय, दा नांग. आपल्याकडे गणेश मंडळाच्या टी-शर्टवर मंडळाचं नाव आणि कितवं वर्ष ते असतं, तसाच काहीसा हा मामला. फक्त इथे मंडळ म्हणजे अमेरिकी नौदलाच्या बांधकाम बटालियनी, सीबीज.

यादीतल्या बहुतेक ठिकाणी या माणसांनी गोळ्या कमी झाडल्या आणि काँक्रीट जास्त ओतलं. ऐंशीहून अधिक वर्षांत या कापडावर काय चढलं आणि काय कधीच चढलं नाही, हे पाहताना या तुकड्यांचा इतिहास बराचसा उलगडतो.

सुरुवात पराभवातून झाली. डिसेंबर १९४१ मध्ये प्रशांत महासागरातल्या वेक नावाच्या इवल्याशा बेटावर नौदलाचा तळ बांधला जात होता. बांधणारे ठेकेदाराचे कामगार होते: सुतार, गवंडी, बुलडोझरवाले, सुमारे अकराशे माणसं. पर्ल हार्बरपाठोपाठ वेकवरही जपानी विमानं आली आणि २३ डिसेंबरला बेट पडलं. साध्या कपड्यातल्या कामगाराने बंदूक उचलली तर युद्धाच्या नियमांप्रमाणे तो सैनिक ठरत नाही. शत्रूच्या हाती लागला तर त्याला बंडखोर समजून तिथल्या तिथे गोळी घातली जाण्याची भीती असे. तरीही त्यांच्यातले काही जण लढले. बहुतेकांना कैद करून चीन आणि जपानकडे नेलं. ९८ जणांना बेटावरच कामासाठी ठेवून घेतलं आणि ७ ऑक्टोबर १९४३ रोजी मशीनगनने मारून टाकलं. एक जण त्यातून निसटला. त्याने एका खडकावर ९८ हा आकडा आणि तारीख कोरून ठेवली. मग तोही सापडला आणि मारला गेला. तो खडक अजून तिथे आहे. वेकचे हे कामगार सीबी नव्हते, म्हणून ते कुठल्याच टी-शर्टवर नाहीत. पण ते नसते तर टी-शर्टही नसता.

नौदलाच्या बांधकाम खात्याचे प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल बेन मोरील यांनी वेक पडल्यावर पाच दिवसांत मागणी केली: बांधकामाच्या धंद्यातली माणसं थेट नौदलात भरती करू द्या, त्यांना गणवेश द्या, बंदूक द्या. ५ जानेवारी १९४२ ला परवानगी आली. ५ मार्चला नावही मंजूर झालं. ‘कन्स्ट्रक्शन बटालियन’ची दोन आद्याक्षरं एका दमात उच्चारली की इंग्रजीत ‘समुद्रातली माशी’ असं ऐकू येतं, एवढीच त्या नावामागची गंमत. दरवर्षी वाढदिवस साजरा होतो तो याच ५ मार्चला.

भरती झालेली माणसं बघण्यासारखी होती. सुरुवातीच्या जवानांचं सरासरी वय ३७. त्यांत बोल्डर धरणावर काम केलेले होते, न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींवर लोखंड चढवलेले होते, भुयारी रेल्वेसाठी जमीन पोखरलेले होते. मर्यादा ५० वर्षांची होती, पण वय चोरून आलेले साठीपुढचे गडीही नंतर सापडले. साठेक धंद्यांची माणसं एका छत्राखाली आली. मरीन सैनिकांत तेव्हा एक विनोद चाले: सीबीवर हात उचलू नका, कदाचित तो तुमच्याच एखाद्या मरीनचा आजोबा असेल. युद्ध संपेपर्यंत सव्वातीन लाखांहून अधिक माणसांनी सीबी म्हणून काम केलं आणि तीनशेहून अधिक बेटांवर त्यांच्या खुणा राहिल्या.

मधमाशी आली ती ऱ्होड आयलंडमधल्या क्वॉनसेट पॉइंटच्या तळावरून. तिथे फ्रँक इआफ्राटे नावाचा एक साधा फाइल क्लार्क होता. व्यंगचित्रं बरी काढतो म्हणून तळावर माहीत असलेला. १९४२ च्या सुरुवातीला एका अधिकाऱ्याने त्याला या नव्या तुकड्यांसाठी डिस्नेच्या धाटणीचं बोधचिन्ह काढायला सांगितलं. इआफ्राटेच्या मनात आधी बीव्हर आला. झाडं कुरतडून धरण बांधणारा हा प्राणी बांधकामवाल्यांना शोभलाच असता. पण त्याने माहिती काढली तेव्हा कळलं की संकट आलं की बीव्हर पळ काढतो. बीव्हर बाद झाला. कुत्र्याचाही विचार करून सोडला. मग सुचली मधमाशी: सतत कामात, कुणाच्या वाटेला न जाणारी, पण डिवचली तर डंख मारणारी. एका रविवारी दुपारी तीनेक तासांत चित्र तयार झालं. अधिकाऱ्याने एकच बदल सुचवला. भोवतीची चौकट क्वॉनसेटच्या आद्याक्षराची होती, ती काढून जहाजाच्या दोराची केली. इआफ्राटे पुढे स्वतःच सीबीजमध्ये भरती झाला. जाहिरात संस्थांना महिनोन्‌महिने बैठका घेऊन जे साधत नाही ते एका कारकुनाने रविवारी उरकलं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

त्या वेळी हे चित्र कापडावर आलं ते मुख्यतः बिल्ल्यांच्या रूपात. टी-शर्ट नावाची वस्तू नौदलाच्या अंगावर होतीच, पण गणवेशाच्या आत. १९१३ च्या सुमारास खलाशांना आखूड बाह्यांची, गोल गळ्याची पांढरी सुती बंडी मिळू लागली होती, तीच ती. आपला गंजीफ्रॉक म्हणा. त्याच्यावर काही छापावं ही कल्पना हळूहळू लष्करी प्रशिक्षण छावण्यांतून वर आली. ‘लाइफ’ नियतकालिकाच्या १३ जुलै १९४२ च्या मुखपृष्ठावर एक सैनिक हवाई दलाच्या नेमबाजी प्रशिक्षण शाळेचं नाव छापलेली बंडी घालून उभा आहे. छापील टी-शर्टच्या इतिहासात हे चित्र हटकून येतं. पुढे १९५० नंतर सिनेमाने बंडी बाहेर घालायला मान्यता दिली, छपाई स्वस्त झाली, आणि निवृत्त सैनिकांच्या मेळाव्यांना अंगावर घालायला काहीतरी मिळालं.

त्यांच्या पाठीवर पहिलं नाव बहुधा ग्वाडलकॅनालचं असतं, आणि ते योग्यच आहे. १ सप्टेंबर १९४२ ला सहावी बटालियन त्या बेटावर उतरली. हेंडरसन फील्ड ही तिथली धावपट्टी अमेरिकेच्या हातात होती, पण जपानी बॉम्ब रोज तिला भोकं पाडत. सीबीजनी वाळू आणि खडी भरलेले ट्रक धावपट्टीच्या कडेला तयारच ठेवले. धावपट्टीवर भोकाभोकांच्या पोलादी फळ्या एकमेकींत अडकवून अंथरलेल्या असत. बॉम्ब पडला की वाकलेल्या फळ्या उपटायच्या, खड्डा भरायचा, दाबायचा, नव्या फळ्या बसवायच्या. पाचशे पौंडी बॉम्बचा खड्डा ते ४० मिनिटांत बुजवत. वर आपली विमानं घिरट्या घालत, इंधन संपत आलेलं, आणि खाली ही चाळिशीतली माणसं फावडी घेऊन धावत. ‘कॅन डू’, म्हणजे होऊन जाईल, हे त्यांचं ब्रीद टी-शर्टवर आज फारच गुळगुळीत झालंय. पण त्याचा मूळ अर्थ त्या चाळीस मिनिटांत आहे.

टिनियनचं नावही पाठीवर असतं. तिथे सहा धावपट्ट्या बांधल्या, प्रत्येकी ८,५०० फूट. बेटाचा आकार मॅनहॅटनसारखा दिसला म्हणून रस्त्यांना ब्रॉडवे वगैरे नावं दिली. त्यातल्याच नॉर्थ फील्डवरून ६ ऑगस्ट १९४५ ला पहाटे ‘इनोला गे’ विमान हिरोशिमाकडे उडालं. टी-शर्टवर फक्त ‘टिनियन’ लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याने बाकीचं भरून घ्यायचं.

आणि जे कुणीच भरून घेत नाही, तेही आहे. नौदलाने कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या बटालियनी केल्या होत्या. त्यातली ३४ वी सॉलोमन बेटांवर राबून कॅलिफोर्नियात पोर्ट ह्युनेमीला परतली. बढत्या गोऱ्यांना, मुकादम गोरे, काम काळ्यांचं. मार्च १९४५ मध्ये सुमारे हजार जणांनी दोन दिवस जेवण नाकारलं, काम मात्र चालू ठेवलं. अखेर नौदलाला त्यांचा कमांडर बदलावा लागला. माझ्या मते सीबीजच्या इतिहासातला हा अतिशय शिस्तबद्ध लढा. सत्याग्रहाची सवय असलेल्या मराठी वाचकाला त्याची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही. पण सर्वसाधारण स्मरण-टी-शर्टवर ३४ चा आकडा आला तरी उपवास येत नाही.

युद्ध संपलं तशी ही फौज विरघळली. अडीच लाखांवरून चार वर्षांत जेमतेम काही हजार उरले. कोरियाच्या युद्धाने त्यांना वाचवलं, आणि व्हिएतनामने त्यांना पुन्हा मोठं केलं. मे १९६५ मध्ये चू लायच्या भुसभुशीत वाळूत त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या चटया अंथरून २३ दिवसांत धावपट्टी उभी केली. पुढच्याच महिन्यात, १० जूनला, डाँग शॉई इथल्या छावणीवर मोठा हल्ला झाला. तिथे सीबीजची एक छोटी तुकडी होती. तिच्यातला मार्व्हिन शील्ड्‌स हा पंचविशीतला यंत्रदुरुस्ती करणारा. जखमी असताना त्याने दुसऱ्या जखमींना उचलून नेलं, मग एका अधिकाऱ्याबरोबर रॉकेट लाँचर घेऊन शत्रूची मशीनगन उडवली, आणि बाहेर नेत असताना गेला. मेडल ऑफ ऑनर मिळालेला हा एकमेव सीबी. त्याच्या नावाचे टी-शर्ट निघतात. एका मेकॅनिकला हा सन्मान मिळाला खरा, पण तो पाना हातात असताना नव्हे, लाँचर हातात असताना मिळाला, ही गोष्ट मला खटकते. खड्डे बुजवणाऱ्यांसाठी एवढं मोठं पदक कुणी ठेवलेलं नाही.

आपल्याकडे मात्र एक उदाहरण वेगळं आहे. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे राम राघोबा राणे, कारवारकडचे, एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रणगाड्यांच्या पुढे सुरुंग काढत, अडथळे हटवत, वाट मोकळी करत गेले. परमवीरचक्र मिळालं ते या कामासाठी, म्हणजे खऱ्या अर्थाने बांधकामवाल्याच्या कामासाठी. ते मला जास्त पटतं. राहिली स्मरणाची रीत. आपल्या सीमा सडक संघटनेने, जिची स्थापना ७ मे १९६० ची, ती छातीवर न घेता दगडावर घेतली. लडाखच्या वाटेवर हिमांक आणि बीकन प्रकल्पांच्या पिवळ्या पाट्यांवरची यमकं वाचत माणसं जातात, हसतात, फोटो काढतात. रस्ता कोणी केला हे तिथे रस्त्यावरच लिहिलेलं असतं. सीबीजना ती सोय नाही. त्यांच्या धावपट्ट्यांपैकी कित्येक झाडोऱ्याखाली गेल्या, काही परक्या देशांत आहेत. म्हणून बहुधा त्यांना कापडाची गरज लागली.

सगळे टी-शर्ट काही चांगले नसतात. कवट्या, ज्वाळा, दोन बंदुका काटकोनात, असला माल भरपूर आहे आणि तो कुठल्याही पलटणीचा असू शकतो. त्यापेक्षा दक्षिण ध्रुवाचे बरे. १९५६-५७ मध्ये सीबीजनी तिथे पहिलं संशोधन केंद्र उभारलं, पुढे १९७५ पर्यंत प्रसिद्ध घुमट बांधला. त्या टी-शर्टांवर पेंग्विन असतो. ध्रुवावर पेंग्विन नसतात, हे त्या चित्रकाराला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

मात्र ज्या टी-शर्टबद्दल मला सर्वांत जास्त बोलावंसं वाटतं तो आपल्याच महासागरातला. डिएगो गार्सिया. भारताच्या दक्षिण टोकापासून सुमारे १,८०० किलोमीटरवरचं प्रवाळबेट. मार्च १९७१ मध्ये सीबीजची पहिली तुकडी तिथे उतरली आणि पुढची दहाएक वर्षं एकामागून एक बटालियन येत राहिली: बंदर खोलवणं, इंधनाच्या टाक्या, बराकी, आणि आज सुमारे १२,००० फुटांची धावपट्टी. या कामाच्या आठवणीचे टी-शर्ट निघाले आहेत. नारळाचं झाड, मावळता सूर्य, बेटाचा पायाच्या ठशासारखा आकार आणि मधमाशी.

नारळाची झाडं खरी होती, पण त्यांच्याखाली माणसंही होती. पिढ्यान्‌पिढ्या खोबऱ्याच्या मळ्यांवर राबणारे शागोसवासी. ब्रिटिशांनी बेट रिकामं करून अमेरिकेला द्यायचं कबूल केलं होतं. १९६८ ते १९७३ या काळात शागोस बेटांवरच्या सुमारे दीड-दोन हजार लोकांना मॉरिशस आणि सेशेल्सला नेऊन टाकलं, त्यांची पाळीव कुत्रीही मारून टाकली. डिएगो गार्सियावरचे शेवटचे रहिवासी १९७१ च्या ऑक्टोबरात गेले. म्हणजे सहा-सात महिने बुलडोझर आणि घरं दोन्ही त्याच बेटावर होती. हा निर्णय सीबीजचा नव्हता. ते हुकुमाचे ताबेदार, आले आणि बांधलं. पण ज्या तुकड्या निःशस्त्र कामगारांच्या असहायतेतून जन्मल्या, त्यांच्या पाठीवर एका निःशस्त्र वस्तीचं बेट फक्त नारळाच्या चित्राने यावं, हे मला पचत नाही.

मे २०२५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसशी करार केला: बेटांचा ताबा मॉरिशसला, आणि डिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने पुन्हा ब्रिटनकडे, म्हणजेच अमेरिकी तळाकडे. त्यातल्या अटींवर शागोसवासी आजही आपसांत भांडतायत, काही लंडनच्या कोर्टात गेलेत. वाद जमिनीचा आहे. धावपट्टी उखडा, असं त्या कराराच्या कुठल्याही पक्षाने म्हटलेलं नाही.