उद्गारचिन्हांची वाट

आज ईमेल पाठवणाऱ्याला पत्र कोणत्या वाटेनं जाईल याची फिकीर नसते. १९८० च्या दशकातल्या यूयूसीपी जाळ्यात ती वाट त्यालाच लिहावी लागे. 'डेकव्हॅक्स!यूसीबीव्हॅक्स!मधू' म्हणजे पत्र आधी डेकव्हॅक्स नावाच्या यंत्राकडे, तिथून बर्कलेच्या यूसीबीव्हॅक्सकडे आणि मग मधूच्या हाती. निघायचं ठिकाण बदललं की पत्ताही बदलायचा.

बेल लॅब्जच्या माइक लेस्क यांचं यूयूसीपी हे सॉफ्टवेअर १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर सर्वदूर गेलं. यंत्रं एकमेकांना साधा फोन लावत, बहुधा रात्री दर उतरल्यावर, आणि साठलेली पत्रं पुढे सरकवत. चार टप्प्यांच्या पत्राला काही दिवस सहज लागत. म्हणून लोक आपला पत्ता इलिनॉयमधल्या आयएचएनपी४ सारख्या सर्वांना ठाऊक असलेल्या यंत्रापासून पुढचाच देत. तिथवर कसं पोचायचं, ते ज्याचं त्यानं पाहायचं.

हे ओझं उतरवलं पीटर हनीमन आणि स्टीव्ह बेलोविन यांच्या 'पाथएलियस' या प्रोग्रॅमनं. आपले शेजारी कोण आणि त्यांच्याशी संपर्क किती वेळा होतो, हे प्रत्येक यंत्राचा सांभाळ करणारा कळवी. त्या नकाशावरून पाथएलियस सर्वांत कमी खर्चाची वाट काढी. दर तासाच्या संपर्काचा खर्च ५००, रोज एकदाच्या संपर्काचा ५,०००. चोवीस पट हवा तो दहाच पट का? कारण प्रत्येक टप्प्यावर पत्र अडकतं, रेंगाळतं. चोवीस पट धरला असता, तर रोजचा एक थेट फोन टाळायला प्रोग्रॅमनं पत्र वीस यंत्रांतून फिरवलं असतं. हे आकडे अनुभवानं ठरले, आणि पाथएलियसचं खरं शहाणपण त्यांतच आहे.

इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्याची '@' ची रीत शेजारी आल्यावर मात्र नवा घोळ झाला. 'अ!ब@क' हा पत्ता यूयूसीपीचं यंत्र आधी अ कडे धाडी, अर्पानेटचं आधी क कडे. बर्कलेत एरिक ऑलमन यांनी लिहिलेलं सेंडमेल असे पत्ते नियमांनी उलगडू लागलं. ते नियम लिहिणं भल्याभल्यांना जड जाई.

१९८६ मध्ये डीएनएस या इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीत 'एमएक्स' नोंदीची सोय झाली. एखाद्या नावाचं टपाल कोणत्या यंत्राकडे द्यायचं, हे ती नोंद सांगते. त्यामुळे फोनवरच्या यंत्रालाही इंटरनेटवरचं नाव मिळू शकलं.

तरी उद्गारचिन्हं लगेच गेली नाहीत. मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेतल्या यंत्राचं नाव होतं 'शक्ती'. त्या दशकाच्या अखेरीस परदेशातून तिथे पत्र पाठवणारा 'यूयूनेट!शक्ती!' लिहून त्यापुढे नाव लिहीत असे.