पट्ट्याचा बोल्ट कुणी आवळला?

26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. आजही जोराची सर आली की तिथल्या मिलन सबवेत पाणी साचू शकतं आणि पाणी गाडीत शिरलं की सीट, कार्पेट सगळं बाहेर काढून वाळवावं लागतं. सीटबरोबर बेल्टचं बक्कल सुटतं, काही गाड्यांत बेल्टचं खालचं टोकही. कुबट वास गेला की मालक खूश होऊन चावी घेतो. ते बोल्ट परत कसे आवळले, हे मात्र विचारत नाही. विचारायलाच हवं.

ताशी 50 किलोमीटरने गाडी आदळली आणि 65 किलोचा माणूस अर्ध्या-पाऊण मीटरात थांबला, तर बेल्टवर एक टनाच्या आसपास ओढ येते. ती ओढ अखेर जाते दोन-तीन बोल्टांवर. बक्कल सीटलाच जोडलेलं असेल, तर सीटच्या बोल्टांवरही.

आवळलेला बोल्ट स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो, त्या ताणानेच जोड घट्ट राहतो. पण पान्यावर लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, उरलेला बहुतेक आट्यांत. ताणासाठी राहतो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून गंजलेला बोल्ट हाताला घट्ट लागतो आणि आत सैलच असतो. आट्यांना तेल लावलं तर त्याच जोरात बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. हवेच्या गनने तर किती आवळलं ते कळतच नाही. सुरुवातीचे आटे हाताने फिरवायचे, मग टॉर्क रेंच, आणि आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला. अनेक कंपन्या एकदा काढलेला बोल्ट पुन्हा वापरू देत नाहीत, कारण आट्यांवरचा चिकट लेप पहिल्याच वेळी कामी आलेला असतो.

दाराच्या खांबावरची बेल्टची कडी मी आवर्जून बघते. अनेक गाड्यांत बोल्ट पूर्ण आवळल्यावरही ती मोकळी फिरली पाहिजे. अडकत असेल तर वॉशरचा क्रम चुकलाय आणि बेल्ट खांद्यावर तिरका बसणार.

सीट-कार्पेट काढताना एअरबॅगच्या भागांनाही हात लागतो, आणि ते काम त्याहून नाजूक. आधी बॅटरी सोडवायची आणि मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबायचं, कारण कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते. गाडीच्या मधोमध, सीटांच्या मध्ये बसणारा कंट्रोल बॉक्स धडक ओळखतो तो गाडीच्या सांगाड्यातून. तो सैल बसला तर धक्का नीट पोचत नाही. शिवाय तो बाणाच्या दिशेने लावून पूर्ण आवळेपर्यंत बॅटरी जोडायची नाही. वीज चालू असताना सुटा बॉक्स आपटला, तर त्याला तो अपघात वाटू शकतो.

डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा विझला म्हणून निर्धास्त होऊ नका. तो विजेची जोडणी तपासतो, बोल्ट तपासत नाही. 1 नोव्हेंबर 2022 पासून मुंबईत मागच्या प्रवाशांनाही बेल्ट सक्तीचा झाला आणि मागच्या बेल्टचे खालचे बोल्ट बहुधा गादीखालीच असतात, म्हणून तेही विसरू नका. गाडी ताब्यात घेताना जॉबकार्डवर प्रत्येक बोल्टचा टॉर्क लिहून मागा, आणि बोल्ट नवे टाकले असतील तर बिलात ते दिसले पाहिजेत.