‘श्यामची आई’ : ग्रंथ आणि बोलपट

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिला. त्यापूर्वी ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, आणि पुस्तकाची घडणही शिक्षकाचीच आहे. सायंप्रार्थनेनंतर श्याम आपल्या मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो. म्हणून प्रकरणांस ‘रात्र’ असे नाव. अशा एकंदर बेचाळीस रात्री. त्या आपण वाचतो असे म्हणण्यापेक्षा ऐकतो असे म्हणणेच अधिक योग्य होय.

अशा ऐकण्याच्या ग्रंथाचे पाहण्याच्या वस्तूत रूपांतर करणे अवघड होते. ते आचार्य अत्रे यांनी १९५३ साली केले. (गुरुजी १९५० मध्येच निवर्तले होते. अत्रेही एके काळचे मुख्याध्यापक. आम्हांस याचे अगत्य वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी.) पुढल्याच वर्षी राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक या बोलपटास मिळाले.

पोहण्याचा प्रसंग पाहावा. पोहायला भिणारा श्याम लपून बसतो आणि आई त्याला शिमटीने मारते. पुस्तकात हे सांगणारा श्याम प्रौढ आहे. मुलाला जगाने भित्रा म्हणू नये म्हणून आईने मारले, हे त्याला उमगलेले असते, आणि माराबरोबरच तो अर्थही आपल्या कानी पडतो. पडद्यावर मात्र माधव वझे यांचा लहानगा श्याम समोर असतो. तो अर्थ वनमालाबाईंच्या मुद्रेवरूनच कळावा लागतो, आणि तो कळतो.

गाण्यांविषयी आमचे मत थोडे निराळे आहे. बोलपटात गाणी हवीत म्हणून ती घातली, असे येथे म्हणता येत नाही. श्लोक, स्तोत्रे, ओव्या मूळ पुस्तकातच आहेत. त्या कोकणी घराचा दिवसच त्यांच्यावर उगवे आणि मावळे. वसंत देसाई यांनी तोच सूर उचलला. कृष्णाच्या बोटासाठी भरजरी वस्त्र फाडणाऱ्या द्रौपदीचे, आशा भोसले यांनी गायिलेले गीत पुस्तकातल्या एखाद्या रात्रीसारखेच कथा सांगते. प्रवचनाचे काम तेथे सुराने केले आहे.

हा बोलपट निघाला तेव्हा हैदराबाद ही मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांचीही राजधानी होती. १९५६ मध्ये ते जिल्हे गेले, मराठी घरे राहिली. त्या घरांतील आजची मुले इंग्रजी व तेलुगू सफाईने वाचतात, मराठी अडखळत. त्यांच्या हाती एकदम पुस्तक दिले तर ते तसेच परत येते, हा आमचा अनुभव. म्हणून आम्ही आधी बोलपट दाखविला. छडीच्या गाण्याला सगळी खिदळली, कारण छडी हा शब्द येथील उर्दूतही आहे. विहिरीपाशी मात्र वर्ग चिडीचूप. संपल्यावर एका मुलीने विचारले, “एवढं मारून आईला वाईट नाही का वाटलं?”

आम्ही तिला पुस्तकातली बारावी रात्र काढून दिली. ‘शिमटी’पाशी ती अडली, तेवढा एक शब्द सांगावा लागला.