पिल्लाची रात्र कोरडी कशी होते?

भाद्रपद हा आपल्याकडे कुत्र्यांच्या माजाचा महिना. कुत्रीची गर्भावस्था साधारण ६३ दिवसांची असते, त्यामुळे रस्त्यावरच्या बहुतेक कुत्र्या दिवाळीच्या आगेमागे वितात. जिन्याखाली, उभ्या गाडीच्या आडोशाला, बांधकामाच्या वाळूत ही पिल्लं वाढतात. आठ आठवड्यांची होऊन ती पुण्यातल्या घरांत दत्तक जातात, तेव्हा जानेवारी उजाडलेला असतो. शिवाजीनगरचं किमान तापमान दहा-अकरा अंशांवर आलेलं असतं, पाषाणचा पारा त्याहून खाली. अशा थंडीत, कोथरूड-बाणेर-खराडीतल्या कुठल्या तरी सहाव्या मजल्यावर, आईपासून नुकतंच तुटलेलं पिल्लू पहिली रात्र काढतं. सकाळी अंथरूण ओलं सापडतं आणि घरातलं कुणी तरी म्हणतं, ‘हे ऐकतच नाही.’

ऐकण्या न ऐकण्याचा इथे संबंधच नाही. रात्रभर कोरडं राहायला मूत्रपिंड, मूत्राशय आणि मज्जासंस्था या तिन्ही गोष्टी तयार व्हाव्या लागतात, आणि त्या आपल्या वेळेनेच तयार होतात. तोवर पिल्लाला अपयश येऊ न देणं एवढंच माणसाच्या हातात असतं. तेवढं नीट केलं, तर बाकीचं काम पिल्लाचं शरीर करतं.

आईच्या जिभेपासून मेंदूपर्यंत

जन्मलेल्या पिल्लाला स्वतःहून शू करता येत नाही. आई त्याच्या पोटाखालचा आणि शेपटीजवळचा भाग चाटते. त्या स्पर्शाचा संदेश मज्जारज्जूच्या खालच्या टोकाशी पोचतो आणि तिथूनच परतीचा हुकूम निघून मूत्राशय आकुंचन पावतं. मेंदूपर्यंत काही जातच नाही. आई ते मूत्र चाटून घेते, त्यामुळे बिळात वास राहत नाही. अनाथ पिल्लं सांभाळणारे स्वयंसेवक दर पाजण्याच्या वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने तीच जागा हलके पुसतात, ते याचसाठी.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लू आपलं आपण शू करू लागतं. पण मूत्राशय भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत जाणं, तिथे ‘आत्ता की नंतर’ हे ठरणं आणि तोवर स्नायू आवळून धरणं, ही वाट हळूहळू बांधली जाते. मेंदूच्या तळाशी मूत्रविसर्जनाचं नियंत्रण करणारं केंद्र असतं, हे ब्रिटिश संशोधक बॅरिंग्टन यांनी १९२५ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. पुढे १९७५ मध्ये विल्यम डी ग्रोट आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या पिल्लांचा अभ्यास केला. चाटण्यावर चालणारी मज्जारज्जूतली प्रतिक्रिया पहिल्या काही आठवड्यांत मावळते आणि ताबा मेंदूकडे जातो, असं त्यातून दिसलं. कुत्र्याच्या पिल्लातही क्रम हाच. म्हणजे आठ आठवड्यांचं पिल्लू आपल्या घरी येतं, तेव्हा ही व्यवस्था नुकती सुरू झालेली असते.

सहा चमच्यांचं गणित

साधारण १२ किलोच्या कुत्र्याच्या मूत्राशयात १०० ते १२० मिलिलीटर मूत्र फारसा ताण न येता मावतं. म्हणजे किलोमागे दहाएक मिलिलीटर. याच हिशेबाने तीन किलोच्या पिल्लाच्या मूत्राशयात मावणार ३० मिलिलीटर, चहाचे सहा चमचे.

आता आवक पाहा. मोठं निरोगी कुत्रं दिवसाला किलोमागे २० ते ४० मिलिलीटर मूत्र तयार करतं. पिल्लाचं पाणी पिणं वजनाच्या मानाने जास्त असतं, आणि मूत्र घट्ट करून पाणी वाचवण्याची मूत्रपिंडांची ताकद पहिले काही आठवडे कच्ची असते. तेव्हा पिल्लासाठी किलोमागे ताशी दोन ते तीन मिलिलीटर धरू. तीन किलोच्या पिल्लात तासाला सहा ते नऊ मिलिलीटर जमणार. तीस मिलिलीटरची जागा सव्वातीन ते पाच तासांत भरते. रात्री अकराला झोपवलेलं पिल्लू पहाटे तीन-चारला अगदी कडेला आलेलं असतं, आणि आपण अपेक्षा धरतो सकाळी सातची.

हे गणित ढोबळ आहे, पण श्वानप्रशिक्षक वापरतात त्या आडाख्याशी ते जुळतं: पिल्लाच्या वयाचे महिने अधिक एक, इतके तास. दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास, तीन महिन्यांचं चार तास. झोपेत हालचाल आणि पाणी पिणं थांबत असल्याने रात्री यात थोडी भर पडते. चार महिन्यांच्या आसपास बरीच पिल्लं सहा-सात तास काढू लागतात. काहींना याहून महिना-दोन महिने जास्त लागतात, आणि तेही अगदी सामान्य आहे.

क्रेट नेमका काय करतो

अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांची पिल्लं वर्षानुवर्षं पाहिली. त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये आला. चालता येऊ लागलं की पिल्लं झोपायची जागा सोडून बाजूला जाऊन शू-शी करतात, आणि साधारण साडेआठ आठवड्यांच्या वयात ठरावीक जागा धरू लागतात, असं त्यांना आढळलं. क्रेटचा, म्हणजे पिल्लाला झोपवायच्या जाळीदार पिंजऱ्याचा, सगळा आधार हाच आहे. पिल्लाला झोपायची जागा घाण करायची नसते आणि क्रेट त्या ओढीला मदत करतो.

म्हणून क्रेटचं माप महत्त्वाचं. पिल्लाला उभं राहता यावं, वळता यावं, पाय ताणून झोपता यावं, इतकीच जागा हवी. ‘वाढल्यावरही चालेल’ म्हणून लॅब्रेडॉरच्या पिल्लाला मोठा क्रेट आणला, तर ते एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्या कोपऱ्याचं शौचालय करतं. मोठाच घ्यायचा असेल, तर मध्ये जाळी लावून जागा कमी करावी आणि वाढीप्रमाणे जाळी सरकवावी.

पण या ओढीला मर्यादा आहे. सहा चमच्यांच्या मूत्राशयाला आठ तास कोंडलं, तर पिल्लू अंथरुणातच सोडणार, दुसरा मार्गच नाही. हे रोज घडलं की ओलं अंथरूण त्याच्या अंगवळणी पडतं आणि क्रेटचा पायाच ढासळतो. जन्मापासून अरुंद पिंजऱ्यात वाढवलेल्या विक्रीच्या पिल्लांचं असंच झालेलं असतं. बाजूला जायला जागाच नसते, मग बाजूला जाण्याची सवय लागणार कुठून? आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या श्वानप्रजनन आणि विक्री नियमांनी मनाई आहे. तरी पिल्लू घेताना त्याचं वय विचारावं आणि ते वाढलं ती जागाही डोळ्यांनी पाहून यावी. कोंडून वाढलेलं पिल्लू शिकत नाही असं नाही, पण त्याला कितीतरी जास्त वेळ आणि माया द्यावी लागते.

थंडी, फरशी आणि सहावा मजला

थंडीत मूत्र जास्त होतं, हे आपण स्वतःवरूनही जाणतो. गारव्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त शरीराच्या मध्यभागी वळतं, पाणी जास्त झाल्याचा संदेश मेंदूला जातो आणि व्हॅसोप्रेसिन हे पाणी राखणारं संप्रेरक कमी स्रवतं. मूत्रपिंडं मग पाणी सोडून देतात. पिल्लाचं शरीर लहान, उष्णता पटकन निसटते. आपल्या घरांतली गुळगुळीत फरशी जानेवारीत बर्फासारखी होते. तेव्हा क्रेट थेट फरशीवर ठेवू नये. खाली जाड सतरंजी किंवा लाकडी फळी घालावी, तीन बाजूंनी सुती चादर सोडावी आणि चौथी बाजू हवेसाठी मोकळी ठेवावी. आत जुन्या सुती साडीची पातळ घडी पुरते. जाड गोधडी ऊब देते, पण ओलही पोटात घेते. वरून कोरडी लागणारी मऊ गोधडी काही पिल्लांना शू करायला बरी वाटते, असं दिसलं तर ती महिनाभर बाजूला ठेवावी.

दुसरी अडचण मजल्याची. पूर्वी वाड्याच्या अंगणात दार उघडलं की माती होती. आता लिफ्टने खाली जावं लागतं आणि खाली धोका आहे. १९७८ मध्ये जगभर पसरलेला पार्व्हो विषाणू मातीत महिनोन् महिने तग धरतो. पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन सुमारे सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. तोवर अनोळखी कुत्री फिरतात अशा जागी त्याला जमिनीवर सोडणं जोखमीचं. म्हणून पहिले दोन महिने रात्रीची जागा घरातच हवी, आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये त्यासाठी ड्राय बाल्कनी सोयीची.

मात्र तिथे पायाखाली काय ठेवायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवावं. पिल्लू पायाला लागणारा पृष्ठभाग लक्षात ठेवतं. वर्तमानपत्रावर शिकलेलं पिल्लू पुढे दिवाणखान्यात पसरलेल्या पुरवणीवरही शू करतं. नर्सरीत मिळणारा लॉनचा तुकडा ट्रेमध्ये ठेवला, तर लसी पूर्ण झाल्यावर सोसायटीच्या हिरवळीवर जाणं सोपं होतं. रस्त्यावरून आणलेल्या पिल्लांना माती आधीच ओळखीची असते, ती या ट्रेवर लवकर रुळतात. मात्र रस्त्याकडेची माती आणून ट्रेमध्ये घालू नये, तिच्याबरोबर विषाणूही घरात येऊ शकतो.

संध्याकाळपासून पहाटेपर्यंत

कोरड्या रात्रीची तयारी संध्याकाळी सुरू होते. शेवटचं जेवण सात-साडेसातला द्यावं. जेवल्यावर आतड्यांची हालचाल वाढते आणि पंधरा-वीस मिनिटांत, कधी अर्ध्या तासात शी होते, तेव्हा पिल्लाला ट्रेवर न्यावं. रात्रीची दूध-पोळी टाळावी. दूध सुटलेल्या पिल्लात दुधातली साखर पचवणारं विकर कमी होत जातं, त्यामुळे पोट बिघडतं, आणि वर पाण्याची भरही पडते. पाणी दिवसभर मोकळं हवं. झोपण्याआधीचा तास-दीड तास भांडं उचललं तरी चालतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात मात्र पिल्लाला तहानलेलं ठेवून झोपवू नये, त्याऐवजी रात्री एकदा जास्त उठावं.

अकराला शेवटची फेरी. दोन महिन्यांच्या पिल्लासाठी दोनच्या सुमारास आणि पुन्हा पाचला गजर लावावा. गजर पिल्लू रडायच्या आधीचा हवा. रडल्यावरच दार उघडलं, तर रडलं की दार उघडतं हेच ते शिकतं. मंद दिवा, गळ्यात पट्टा, थेट ट्रेकडे, ‘शू कर’ असे ठरलेले दोन शब्द, झाल्यावर हळू आवाजात शाबासकी आणि परत क्रेट. खेळ नाही, गप्पा नाहीत. सलग तीन-चार रात्री कोरड्या गेल्या, की गजर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे सरकवावा. पुन्हा ओलं झालं, तर आधीच्या वेळेवर यावं.

रात्रीचं प्रत्येक रडणं मात्र शूचं नसतं. जाक पँक्सेप यांनी १९७८ मध्ये सहकाऱ्यांसह, त्यांत स्कॉटही होते, पिल्लांच्या विरहातल्या रडण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. अफूवर्गीय औषधाच्या अगदी लहान मात्रेने ते रडणं कमी झालं, म्हणजे जवळिकीची ओढ मेंदूतल्या वेदनाशामक रसायनांशी जोडलेली असावी, असा अर्थ त्यांनी काढला. पिल्लाला आईची आठवण खरोखर दुखते. म्हणून पहिले काही आठवडे क्रेट आपल्या पलंगाशेजारीच असावा. हात खाली सोडला की त्याला बोटांचा वास मिळतो. बोट लावल्यावर ते शांत झालं, तर त्याला सोबत हवी होती. उठून जमीन हुंगत गोल फिरू लागलं, तर शू आली आहे, लगेच न्यावं.

ओलं झालंच तर

नाक मुतात घासणं, ओरडणं, फटका मारणं हे आजही अनेक घरांत चालतं. त्यातून पिल्लू एकच गोष्ट शिकतं: माणसासमोर शू करणं धोक्याचं. मग ते ट्रेवर आपल्यासमोर करत नाही, सोफ्यामागे करतं. कृती आणि परिणाम यांत काही क्षणांचं अंतर पडलं तरी पिल्लाला त्यांचा संबंध लागत नाही. सकाळी दिलेली शिक्षा पहाटेच्या शूला लागू पडतच नाही.

साफसफाईही विचार करून हवी. मूत्रातल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात. अमोनिया असलेल्या द्रावणाने पुसलं, तर पिल्लाला तिथे आणखी शू झाल्यासारखं वाटतं. फिनेलने आपल्या नाकाला जागा स्वच्छ वाटते, पिल्लाच्या नाकाला खालचा वास कळतच असतो, शिवाय ते चाटण्यात आलं तर अपायकारक. मूत्राचे घटक मोडणारी विकरयुक्त द्रावणं मिळतात, ती वापरावीत. साडीची घडी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावी.

काही खुणा दिसल्या तर पशुवैद्यांकडे जायला उशीर करू नये: थेंब थेंब, वारंवार शू, मूत्रात रक्त, शू करताना कण्हणं, अचानक वाढलेली तहान. मादी पिल्लांत मूत्रमार्गाचा संसर्ग जास्त दिसतो. झोपेतही सतत ठिबकत असेल, तर मूत्रवाहिनी मूत्राशयाऐवजी पुढेच उघडण्याचा जन्मजात दोष असू शकतो. तो मादीत अधिक, आणि पुण्यात आवडीने पाळल्या जाणाऱ्या लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रिव्हर, हस्की या जातींत तुलनेने जास्त आढळतो. शस्त्रक्रियेने बऱ्याचदा त्यात सुधारणा होते. अशा पिल्लाला ‘घाणेरडं’ ठरवून सोडून देणं हा फार मोठा अन्याय आहे.

पहिल्या दिवसापासून एका वहीत जेवण, पाणी, शू आणि ओल्या रात्री यांच्या वेळा टिपून ठेवाव्यात. आठवड्याभरात पिल्लाची स्वतःची लय कागदावर दिसू लागते, गजर कधी लावायचा ते कळतं, आणि पशुवैद्यांनाही निदानाला हाच कागद कामी येतो. महिना-दीड महिना आपली झोप मोडणार, हे पिल्लू आणण्याआधीच घरात सगळ्यांनी बोलून घ्यावं आणि रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. ज्यांना तेवढं जमणार नसेल, त्यांनी वर्षभर वाढलेलं, कोरडं राहायला शिकलेलं कुत्रं दत्तक घ्यावं. निवाऱ्यांमध्ये तशीही कितीतरी कुत्री घराची वाट पाहत आहेत.